भाकरी थापणाऱ्या हातातली वीज

प्रज्ञा, तू महिनाभर खपून केलेल्या कापडाचा मी भांड्याच्या पावडरनं चोळून सत्यानाश केला होता, आणि वर ते ज्या चंदेरी कागदावर होतं त्यातच तुझ्या डब्याच्या भाकरी बांधून दिल्या होत्या.

हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गल्लीतही माहीत आहे, कारण तूच ते सांगत फिरलीस आणि दर वेळी त्यात थोडी भर घातलीस. शेवटी शेवटी तर मी तो कागद दगडावर आपटून धुतला होता, इथपर्यंत तुझी मजल गेली. तसं काही केलं नव्हतं. ओलं फडकं आणि चिमूटभर पावडर, एवढंच. आता तू नाहीस तर खरं काय ते एकदा लिहून ठेवते. माझ्या वेडेपणात तरी भेसळ नको.

लग्न होऊन तू नांदेडला आमच्या घरी आलीस, त्यानंतरचा पहिला पावसाळा. तुमच्या प्रयोगशाळेत दमट होतं म्हणून तू चंदेरी कागदाची एक गुंडाळी घरी आणून फ्रीजवर ठेवलेली. भाकरी बांधायचा कागद मला ओळखू आला. पण त्याच्या एका अंगाला दुधावरची साय वाळल्यासारखं पांढरं काहीतरी बसलेलं. मला वाटलं, बुरशी आली. शिकलेली सून, घरकामात जरा ढिली असायचीच, असं मनात म्हणत मी तो कागद असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, आणि त्या पांढऱ्या थराला मी साधं विचारलं नाही की बाबा, तू कोण.

संध्याकाळी तू आलीस, चपला काढल्या, डबा ओट्यावर ठेवलास.

"आत्या, आजची भाकर लई महागात पडली."

"का? कच्ची राहिली?"

"कच्ची न्हाई. जगात कुठं मिळणार न्हाई अशी झाली."

मग तू तिथंच खाली बसलीस आणि हसत सुटलीस. मिलिंद बाहेरून धावत आला. माझ्या लेकाला वाटलं, बायको आणि आई, पहिलं भांडण पेटलं. तुझ्या डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं होतं. ते सगळं हसण्याचंच होतं असं मी तेव्हा धरून चालले. आता तेवढी खात्री वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तू मला समोर बसवून शिकवलंस. मास्तरणीला शिकवायचं म्हणजे काय कटकट असते ते तुला त्या दिवशी कळलं.

"हे विणतं कोण?" मी विचारलं.

"विणत न्हाईत आत्या, उडवतात. सुईत विरघळवलेलं प्लॅस्टिक घट्ट पाकासारखं भरायचं. सुईला मोठ्या दाबाची वीज लावायची, समोर फिरता ढोल ठेवायचा. थेंब सुईच्या टोकाला ताणतो, त्याचा धागा होतो आन् ढोलावर जाऊन बसतो. डोळ्याला दिसत न्हाई इतका बारीक. एका केसाच्या जाडीत असले शेकडो मावतील."

"म्हणजे शेवयाचं मशीन."

"हाव. पण ह्या शेवया दाबल्या की वीज देतात."

तू एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवलास. त्याला वजनच नव्हतं. मी श्वास धरून बसले, उडून गेला तर पुन्हा माझ्याच नावावर जायचा. मग तू त्याला दोन्ही अंगांनी वीज वाहणारं कापड लावलंस, तारा काढल्यास, मीटरला जोडलंस आणि म्हणालीस, दाबा. मी अंगठा दाबला. आकडा थरथरला.

"एवढ्यावर काय चालतं?"

"अजून तर काहीच न्हाई," तू म्हणालीस. तुझं हे मला आवडायचं. तू कधी फुगवून सांगितलं नाहीस. फक्त माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी सोडून.

या सगळ्याचं मूळ मीच होते, हे मला उशिरा कळलं. माझ्या काळजाचा ठोका मधूनच चुकतो म्हणून डॉक्टरांनी दंडाला बांधायचं, ठोके मोजणारं एक यंत्र दिलं होतं. त्याचा सेल संपला तसं मी ते कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून दिलं. घर झाडताना ते तुला सापडलं.

"आत्या, हे कधीपासून बंद हाय?"

"झाली असतील दोन-तीन महिने."

"आन् तुम्ही बोलल्या न्हाईत?"

"ते बोलायचं थांबलं, मग मी कशाला बोलू?"

त्या दिवशी मात्र तू हसली नाहीस. आणि मग तुझं ठरलं. या कापडाचा पट्टा करायचा, तो माझ्या मनगटाला बांधायचा, आणि माझ्याच हाताच्या हालचालीतून जी वीज येईल तिच्यावर, सेलशिवाय, माझ्या काळजाचा ठोका एकदा तुझ्या फोनवर उमटवायचा. एकदा उमटला की झालं, पुढचं पुढे, असं म्हणायचीस तू. तुझी पीएच.डी. म्हणजे तेवढंच होतं. लोकांना सांगताना तू मोठाले शब्द वापरायचीस, घरात 'आत्याचा ठोका' म्हणायचीस.

आपल्या भांडणाचं मूळही तेच. मी म्हणायचे, "अगं, कोपऱ्यावरच्या दुकानात सेल मिळतो. एका सेलासाठी तू आयुष्य जाळून राहिलीस." तू म्हणायचीस, "मग तुम्ही का न्हाई आणला? नातीच्या खेळण्यात सेल घालता, ह्यांच्या रिमोटमध्ये घालता, भिंतीवरच्या घड्याळात घालता. स्वतःच्या यंत्राचाच कसा राहिला?" यावर मी आवाज वाढवायचे. भांडण मी अजूनही सोडलेलं नाही, प्रज्ञा. मला दोन शब्द सुनावले असतेस तर मी निमूट सेल घातला असता. त्यासाठी केसाहून बारीक धागे काढायची काय गरज होती? यावर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. 'सुनावलेलं तुम्ही ऐकता कधी?'

नायलॉनच्या साडीची गोष्ट मी फक्त तुला सांगितली होती. आता इथं लिहिते म्हणजे सगळ्यांनाच कळेल, कळू दे. कंधारच्या शाळेत मी नवी लागले होते, लग्नही नवं. पहिल्या पगारात नांदेडहून नारिंगी नायलॉनची साडी आणली होती, तिच्यावर हिरवी फुलं. अशी भडक साडी नेसून मी वर्गात पोरांना सांगायची की भानामती-बिनामती सगळं झूट असतं, डोकं वापरा. थंडीचे दिवस. एका संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत ती साडी सोडायला लागले तर चटचट आवाज, आणि पदरातून निळ्या ठिणग्या. विज्ञानाची बाई तशीच किंचाळत दारात! सासऱ्यांना हाका मारल्या, साडी पाण्याच्या बादलीत बुडवली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला देऊन टाकली. तिला म्हटलं, मला हा रंग खुलत नाही. ती बिचारी पुढं कितीतरी वर्षं ती नेसून माझ्यासमोरून जायची आणि मी रस्ता बदलायची. आणि वर्गात? वर्गात पुन्हा भानामती झूट. केवढा तोरा होता त्या पोरीचा!

ते ऐकून तू हसून हसून आडवी झालीस. "आत्या, हीच ती वीज! तुमची घासून आली, माझी दाबून येते, एवढंच. माझ्या जन्माच्या आधी तुम्ही माझा प्रयोग केला, आन् शेजारणीला देऊन टाकला!"

मग भाकरी. तुमच्या प्रयोगशाळेत एक यंत्र त्या कापडावर टकटक करत बसायचं. तू म्हणालीस, यंत्राचा ठोका एकसारखा, जिवंत हात तसा नसतो, मला खरा हात पाहिजे. घरात खरा हात माझा होता, सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरी थापणारा. तू पट्टा माझ्या मनगटाला बांधलास, तारा लॅपटॉपला लावल्यास आणि स्टूल ओढून बसलीस. थाप बसली की पडद्यावर रेघ टुणकन उडायची. थोड्याच दिवसांत तुझ्या लक्षात आलं की मला राग आला की रेघ उंच जाते. झालं. त्यापुढं तू मुद्दाम काड्या करायचीस.

"आमच्या चाकूरला आई भाकर तव्यावर टाकते ना, तर अशी टम्म फुगते, पुरी जणू."

थाप!

"पीठच वेगळं असतंय तिकडचं. लातूरची ज्वारी ती."

थाप!

"आन् आईचा हात—"

"तुझ्या आईचा हात एवढा मोठा असंल तर तिलाच बांध पट्टा!"

"बास बास, आत्या, रेघ पडद्याबाहेर गेली!"

तुझी प्रयोगशाळेतली जोडीदारीण नफीसा त्या दिवशी घरी आली होती. तिनं आणलेला इवलासा लाल दिवा तू पट्ट्याला जोडलास. मी थापत राहिले, तुम्ही दोघी खाली वाकून बघत राहिलात, आणि एका थापेला तो दिवा लुकलुकला. डोळा मिटावा-उघडावा इतकाच. तुझी लेक सानू तेव्हा बालवाडीत होती. ती टाळ्या पिटून ओरडली, "आजी चालू झाली!" नफीसा म्हणाली, "मॅडम, आजीला तर प्रयोगशाळेतच नोकरी देऊन टाका." तू उठून मला मिठी मारलीस, पिठानं तुझा ड्रेस पांढरा झाला. मी म्हटलं, "सरक, तवा जळून राहिला." प्रज्ञा, मला तुला सोडायचं नव्हतं. तव्याचं निमित्त का सांगितलं कुणास ठाऊक. आपल्या बायकांना काहीतरी जळत असल्याशिवाय प्रेम करता येत नाही की काय.

दिवा लुकलुकणं वेगळं आणि ठोका मोजून फोनवर पाठवणं वेगळं, हे तू मला समजावलं होतंस. त्याला वीज साठवावी लागते, थेंब थेंब, एका छोट्याशा साठवणीत. ती भरली की मगच काम होतं. आपली भरता भरेना. पावसाळ्यात दमट हवेनं धागे बिघडायचे. उन्हाळ्यात धागे छान यायचे तर ऐन वेळी लाईट जायची आणि ढोल थांबायचा. तू घरी येऊन पंखा बंद पडलेल्या खोलीत बसायचीस आणि म्हणायचीस, "आत्या, वीज तयार करायला वीज न्हाई."

आणि मग ती गाठ.

त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तुझे उपचार लातूरला होते. आपण दोघी एसटीनं जायचो, लोहा, अहमदपूर, चाकूर. चाकूरच्या स्टँडवर तुझी आई उभी असायची. बस थांबली की ती खिडकीतून डबा आत द्यायची आणि तुझा हात धरायची, कंडक्टर घंटी मारेपर्यंत. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. इतकी वर्षं जिच्या भाकरीवरून मी चिडत आले तिच्याशी मला एक शब्द बोलता यायचा नाही. डबा तू मला द्यायचीस, कारण तुला काही जायचं नाही. मी खायचे. भाकरी खरंच मऊ होती. हे तुला सांगायचं राहून गेलं, बघ. आधी तोऱ्यापायी, आणि नंतर कोणत्या तोंडानं सांगू?

मी रडायचे. तुझ्याकडे बघितलं की सुरूच. तुझे केस गेले तेव्हा रडले, तू भात बाजूला सारलास की रडले, तू हसलीस तरी रडले. फ्रीजचं दार उघडून त्यात तोंड घालून उभी राहायचे, भाजी शोधल्यासारखी. एकदा तू चिडलीस.

"आत्या, मी काय हार घातलेला फोटो हाय का? बघितलं की तुमचं चालू! अजून बसलेली हाय मी हितं!"

"मी कुठं रडून राहिले? थंड हवा लागली डोळ्याला."

"मग फ्रीज बंद करा. लाईटबिल येतंय."

प्रयोगशाळेत जाणं अगदीच बंद व्हायच्या आधी तू आणि नफीसानं मिळून शेवटचा पट्टा केला. जाड, पुष्कळ थरांचा, साठवण आणि ठोका पाठवणारी चिपही त्यातच. तू तो माझ्या मनगटाला गुंडाळलास, गाठ मात्र मला मारावी लागली. "हा भरणार, आत्या," तू म्हणालीस. त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तुझी खुर्ची, अंगावर शाल, मांडीवर मीटर. मी परातीपाशी. थापून झालं की तू तारा लावून बघायचीस.

"आज थोडं चढलं."

"किती?"

"कालच्यापेक्षा बरं हाय."

आणि मी, विज्ञानाची बाई, मी काय केलं सांगू? मी मनात एक ठरवून टाकलं. हा ठोका फोनवर आला की तू बरी होणार. नवस मी कुणाला बोलले नाही, आपल्या घरात ते कधीच नव्हतं, पण जे केलं ते नवसाहून काय वेगळं होतं? नायलॉनची साडी बादलीत बुडवणारी ती मूर्ख पोरगी गेलीच नव्हती कुठं, म्हातारी होऊन बसली होती इतकंच. मी भाकरी वाढवल्या. घरात खाणारे तीन, तू तर काहीच खाईनास, आणि टोपलं भरून भाकरी. मिलिंद म्हणायचा, "आई, कोण खाणार गं एवढ्या?" मी शेजारी वाटायचे, गायीला घालायचे, आणि उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा. तू खुर्चीतून चाकूरच्या ज्वारीची तारीफ करायचीस, आवाज गेलेला, तरी काडी टाकायचीच. मी तुझ्याकडे बघत उलट उत्तर द्यायचे आणि थापायचे. तू हसायचीस. मला वाटायचं, भरून राहिलंय, भरतंय, आज ना उद्या.

मेसेज आला नाही. तू गेलीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला खूप माणसं आली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून उठून बोलली. तुझे मार्गदर्शक सर म्हणाले, प्रज्ञाचं काम आम्ही पुढे नेऊ. ते भले माणूस आहेत, पण मी एवढी वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत, जमणार नसलेलं कबूल करताना माणूस कुठं बघतो ते मला कळतं. तुमच्या ढोलावर आता दुसऱ्याच एका मुलाचं काम चालू आहे, हवा गाळायच्या कापडाचं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभी राहिले, 'जय भीम' म्हटलं आणि खाली बसले.

आणि तरी मी थापतच राहिले. पट्टा सोडला नाही. तुझा फोन चार्ज करून ओट्यावर, डब्याला टेकवून ठेवायचे. मिलिंदनं एक-दोनदा तो उचलायचा प्रयत्न केला, मी त्याच्या हातावर फटका मारला. भानामती झूट आहे मला माहीत आहे. तू परत येणार नाहीस हेही माहीत आहे. पण एकदा, एकदाच, तो ठोका उमटावा असं वाटत होतं, म्हणजे तुझं काम खोटं नव्हतं एवढं तरी झालं असतं. फोन मुका. कधी वाजला तर कंपनीचा, रिचार्ज संपत आलंय म्हणून.

मग एक गोष्ट मला पोखरायला लागली. तू रोज चढतंय म्हणायचीस. चढत होतं तर भरलं का नाही? म्हणजे माझाच हात कमी पडला. माझा वेग म्हातारा, माझं मनगट दुखायचं तेव्हा मी थाप सैल सोडायचे, तुला कळू नये म्हणून बांगड्या वाजवायचे. त्या चोरलेल्या थापा मी मनात मोजायला बसायचे. तेवढ्या पुऱ्या दिल्या असत्या तर तू असताना एकदा तरी फोन वाजला असता. तू बघून गेली असतीस.

काल मी विद्यापीठात गेले. एकटी, रिक्षानं. तुझी प्रयोगशाळा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मला वाटायचं मोठी असेल. आपल्या स्वयंपाकघराएवढी खोली. ढोल फिरत होता, त्याच्यावर पांढरं बसत होतं. नफीसानं मला तुझ्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी पट्टा सोडून तिच्या हातात ठेवला. मनगट उघडं पडलं तर थंडी वाजल्यासारखं झालं.

तिनं तारा लावल्या आणि पट्टा बोटानं दाबला. आकडा हलला नाही. पुन्हा दाबला.

"तुझ्या बोटात जोर न्हाई," मी म्हटलं. "आण इकडं, मी थापून दाखवते."

तिनं मीटर बंद केलं. माझ्याकडे बघेना. मी तिचा हात धरला आणि जे विचारायला आले होते ते विचारलं, "नफीसा, खरं सांग गं. किती कमी पडलं? अजून किती भाकरी लागल्या असत्या?"

ती म्हणाली, "आजी, मॅडमनी सांगू नको म्हटलं होतं. हा पट्टा बांधल्यावर थोड्याच दिवसांत आतून चिकटून शॉर्ट झाला, त्याच्यानंतर ह्यातून काहीच आलं न्हाई. त्यांना मालूम होतं. मी म्हटलं, दुसरा करून देते. तर मॅडम म्हणाल्या, 'राहू दे नफीसा. भाकरी थापतानाच तेवढ्या आत्या माझ्याकडं बघून रडत न्हाईत.'"